विश्लेषण : ढकललेली गाडी का थांबते? लहान मुलांना बल आणि गती शिकवताना नुसता ‘प्रयोग’ पुरेसा का नाही?

उन्हाळी सुट्टी जवळ आली, की ‘मुलांना विज्ञान हाताने शिकू द्या’ अशा जाहिराती ठाण्यातल्या मानपाड्यापासून डोंबिवलीच्या मानपाडा रोडपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागतात. कुठे रोबोटिक्सचे शिबिर, कुठे सायन्स किट, तर कुठे होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची आगाऊ तयारी. या सगळ्यांत बल आणि गतीचा तास हमखास असतो. उतारावरून गाडी सोडायची, फुग्याचे रॉकेट उडवायचे, पेल्यावरच्या पुठ्ठ्याला टिचकी मारून नाणे आत पाडायचे. मुले खूश होतात, पालक व्हिडीओ काढतात. पण संध्याकाळी त्याच मुलाला विचारा, की ढकललेली गाडी थोडी पुढे जाऊन का थांबली? शिबिराला जाण्याआधी जे उत्तर आले असते, बहुतेक वेळा तेच येते : ‘तिचा जोर संपला.’ हे उत्तर चुकीचे आहे. ते येते कुठून, प्रयोग करूनही ते का टिकते आणि घरी किंवा वर्गात त्यावर काय करता येते, ते पाहू.

‘जोर संपला’ यात चूक काय?

मूल जे पाहते तेच सांगते. ढकलले की गाडी चालते, ढकलणे थांबले की थोड्या अंतरावर थांबते. यावरून निघणारा सरळ निष्कर्ष असा, की चालत राहायला जोर लागतो. हाताने थोडा जोर गाडीत भरला, तो खर्च झाला, गाडी थांबली. सायकलचे पेडल, भाजीची हातगाडी, घोडबंदर रोडवर बंद पडलेली रिक्षा कडेला ढकलणारे दोघे, रोजचा प्रत्येक अनुभव मुलाच्या बाजूनेच साक्ष देतो. 

मूल यात एकटेही नाही. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँ यांनी मांडले, की फेकणारा माणूस दगडात एक प्रकारचा जोर भरून देतो आणि दगड त्यावर पुढे जातो. आपल्या घरातल्या सात वर्षांच्या मुलाची कल्पना याच्या अगदी शेजारची आहे. गॅलिलिओचे गतीवरचे मुख्य पुस्तक १६३८ मध्ये आले, न्यूटनचे ‘प्रिन्सिपिया’ १६८७ मध्ये. माणसाला जे उमगायला सुमारे दोन हजार वर्षे लागली, ते शाळेत काही तासांत उरकले जाते, हे लक्षात घेतले तर मुलांवर चिडायचे कारण उरत नाही.

बरोबर उत्तर काय? गाडीच्या आत जोर नावाचा साठा नसतो. बल बाहेरून लागते. हाताने ढकलले तेव्हा हाताचे बल होते, हात सुटला की तेही संपले. त्यानंतर गाडी चालत राहिली, कारण चालणारी वस्तू आपणहून थांबत नाही. तिला थांबवावे लागते आणि ते काम चाकांच्या आसाशी होणारे घर्षण, लादी आणि थोडीफार हवा करत असते. बल लागते ते गती बदलायला, म्हणजे वेग वाढवायला, कमी करायला किंवा दिशा वळवायला. मोठ्यांनाही ही गोष्ट पटते, पण मनातून पटत नाही. 

आपली भाषाही अडचणीत भर घालते. बोलताना आपण ‘चेंडूत जोर नव्हता’, ‘गाडी जोरात होती’, ‘पावसाचा जोर ओसरला’ असे म्हणतो. जोर ही वस्तूच्या आत असणारी, वाढणारी आणि ओसरणारी चीज आहे, हे मूल बोलायला लागल्यापासून ऐकत असते. ‘जोरात’ म्हणजे कधी ताकदीने, कधी वेगाने, तर कधी मोठ्या आवाजात. मग शाळेत पुस्तक सांगते, की गती म्हणजे हालणे, चाल म्हणजे ठरावीक वेळात कापलेले अंतर आणि वेग म्हणजे दिशेसह चाल. घरी मात्र ‘कामाला गती आली’ म्हणजे काम भरभर होऊ लागले. शब्द तेच, अर्थ निराळे, आणि हा फरक वर्गात फारसा कोणी उलगडून सांगत नाही. पाच-सात वर्षांच्या मुलाशी बोलताना ‘बल’ या शब्दाची घाई करू नये. ‘ढकलणे’ आणि ‘ओढणे’ पुरेसे आहे. एक फायदाही होतो : ढकलले म्हटले की ‘कोणी ढकलले?’ हा प्रश्न आपोआप येतो. ‘जोर होता’ म्हटले की तो येत नाही.

याच्या उलट टोकाचा शब्द म्हणजे ‘गुरुत्वाकर्षण’. पेन का पडले? गुरुत्वाकर्षणामुळे. प्रश्न मिटला, सगळे खूश. पण मुलाला नवे काहीच कळलेले नसते, फक्त पडण्याला एक भारदस्त नाव मिळालेले असते. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन आपल्या वडिलांची एक आठवण सांगत. लहानपणी खेळण्यातली गाडी ओढताना त्यांना दिसले, की गाडीतला चेंडू मागे जातो. वडिलांनी सांगितले, की याला जडत्व म्हणतात, पण असे का होते ते कोणालाच माहीत नाही. आणि बाजूने नीट बघ, असेही सुचवले. बाजूने पाहिल्यावर कळले, की जमिनीच्या हिशेबाने चेंडू मागे जातच नाही. तो थोडा पुढेच सरकतो. गाडी त्याच्या खालून पुढे निघून जाते. नाव सांगितले, नावाने काय कळत नाही तेही सांगितले आणि पाहायची जागा बदलायला लावली. किट नाही, शिबिर नाही.

पुढे शिकल्यावर ही समजूत आपोआप जात नाही का?

नाही, आणि इंजिनीअरिंग केलेल्यांनी यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. १९८२ मध्ये जॉन क्लेमेंट या अमेरिकी संशोधकाने इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे एक साधा प्रश्न ठेवला होता. नाणे वर फेकले, ते हात सोडून वर जात आहे, तेव्हा त्यावर कोणती बले आहेत? हवेचा अडथळा सोडला तर उत्तर एकच : खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण. बहुतेक विद्यार्थ्यांनी वर जाणारा एक बाणही काढला. हाताने दिलेला जोर, अजून न संपलेला. ज्यांना विश्वास बसत नाही त्यांनी हा प्रश्न ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर विचारून पाहावा. सूत्रे तोंडपाठ असलेली मंडळीही थबकतात.

डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अशाच प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही, फक्त समज तपासली जाते. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी आपल्या हुशार विद्यार्थ्यांना ती दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवले तशी लिहू की मी एरवी विचार करते तशी? माझुर यांनी त्यानंतर शिकवण्याची पद्धतच बदलली. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र पाहिले. जेवढे शिकायचे शिल्लक होते त्यातले नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्केच शिकले गेले. विद्यार्थ्यांना अंदाज बांधायला, एकमेकांशी वाद घालायला आणि लगेच पडताळायला लावणाऱ्या वर्गांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दुप्पट, तरीही निम्म्याच्या आतच.

आता मुद्दा लहान मुलांचा. पहिली समजूत पुसली जात नाही. तिच्या शेजारी परीक्षेसाठी दुसरी ठेवली जाते आणि पेपर संपला की पहिली परत कामाला लागते. म्हणून पहिल्या समजुतीशी गाठ जितक्या लवकर आणि जितक्या मोकळेपणाने पडेल तितके बरे.

महाराष्ट्रात हे काम कोणी केले?

ठाण्याहून मानखुर्द फार दूर नाही. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेले हे केंद्र १९७४ पासून शालेय विज्ञान कसे शिकले जाते याचाच अभ्यास करते. प्राथमिक वर्गांसाठी जयश्री रामदास यांच्या पुढाकाराने तिथे ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकमालिका तयार झाली. ती मराठी आणि हिंदीतही आली. मिनी आणि अपू ही दोन मुले त्यात भेटतात. पाठ्यपुस्तकाबरोबर मुलांसाठी कार्यपुस्तिका आणि शिक्षकांसाठी स्वतंत्र पुस्तक आहे. माहिती सांगून खाली प्रश्न देण्याच्या सवयीपेक्षा हा क्रम वेगळा : आधी करून पाहायचे, काय दिसले ते चित्राने किंवा शब्दांत नोंदवायचे, मग बोलायचे. (होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आणि हे केंद्र एकच असे अनेक पालक समजतात. ती परीक्षा मुंबईतील विज्ञान शिक्षकांची संघटना सहावी आणि नववीसाठी घेते.)

त्याआधीची एक मोठी चळवळ शेजारच्या मध्य प्रदेशातली. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह अनेक संस्थांतले वैज्ञानिक त्यात उतरले. पुढे हा कार्यक्रम जिल्हाभरातल्या उच्च प्राथमिक शाळांत गेला, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो वाढवला. ‘बाल वैज्ञानिक’ हे त्याचे पुस्तक. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा आणि प्रत्यक्ष प्रयोगाला गुण, ही त्या काळातली धाडसाची गोष्ट होती. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. 

या होशंगाबादला १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून एक तरुण इंजिनीअर नोकरीतून सुट्टी घेऊन गेला. आयआयटी कानपूरचे अरविंद गुप्ता. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी जी खेळणी केली, ती पुढे देशभर पोहोचली. पुण्यातल्या आयुका या संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांचे व्हिडीओ आणि हजारो पुस्तके फुकट आहेत, त्यांत मराठी भरपूर. दीड-दोन हजारांचे किट मागवण्याआधी तिथे एक फेरी मारावी.

पण साहित्य हातात दिले की काम झाले, असे गुप्तांच्या चाहत्यांनाही कधी कधी वाटते. तसे होत नाही.

मुलांना मोकळे सोडले तर ती स्वतः शोधत नाहीत का?

काही शोधतात, काही नाही. २००४ मध्ये डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी तिसरी-चौथीच्या ११२ मुलांबरोबर नेमका उतारावरच्या चेंडूचाच प्रयोग केला. उताराची उंची, पृष्ठभाग, चेंडू आणि तो कुठून सोडायचा, एवढ्या गोष्टी बदलता येत होत्या. चेंडू किती लांब जाईल हे कशावर ठरते, ते शोधायचे होते. एका गटाला साहित्य देऊन मोकळे सोडले. दुसऱ्या गटाला मोठ्या माणसाने काही मांडण्या दाखवल्या आणि त्यांतली कुठली तुलना योग्य, कुठली फसवी आणि का, ते समजावले. दोन्ही गटांच्या हातात साहित्य होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे सूत्र दुसऱ्या गटातल्या ७७ टक्के मुलांनी आत्मसात केले. मोकळ्या सोडलेल्यांपैकी २३ टक्के मुलांनाच ते सापडले. मात्र ज्या मुलांना ते स्वतःहून सापडले, तीही पुढे शिकवलेल्या मुलांइतकीच चांगली निघाली.

हे वाचून ‘बघा, शिकवावेच लागते’ म्हणणाऱ्यांसाठी दुसरा प्रयोग. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांना अनेक करामती असलेले एक खेळणे दिले. काहींना आधी त्यातली एक करामत ‘हे असे चालते’ म्हणून शिकवली. त्या मुलांनी तेवढेच पुन्हा पुन्हा केले आणि बाकीचे खेळणे कमी तपासले. ज्यांना शिकवले नव्हते त्यांनी जास्त शोधाशोध केली.

दोन्ही खरे आहे आणि दोन्ही एकत्र नांदू शकते. खेळणे काय करते ते सांगू नये, तुलना नीट कशी करायची ते जरूर सांगावे. माझ्या मते या विषयावरच्या निम्म्या भांडणांचे उत्तर एवढेच आहे. उत्तर राखून ठेवायचे, पद्धत द्यायची. बहुतेक शिबिरांत उलटे होते : पद्धत कोणी सांगत नाही आणि उत्तर फळ्यावर आधीच लिहिलेले असते.

आणखी एक जुना प्रयोग इथे सांगायलाच हवा. जिनिव्हात ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९७० च्या दशकात चार ते नऊ वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळे एका बारीक पट्टीवर तोलायला दिले. काही ठोकळ्यांच्या एका टोकाला आत छुपे वजन होते. सगळ्यांत लहान मुलांनी चाचपडत, हाताला जाणवेल तसे ते तोलून दाखवले. सहा-सात वर्षांची मुले मात्र अडली. ‘वस्तू मध्यावर तोलते’ हा नियम त्यांना आता सापडला होता. ठोकळा मध्यावर ठेवायचा, तो पडायचा, पुन्हा मध्यावरच. शेवटी ‘हा तोलतच नाही’ म्हणून बाजूला. त्याहून मोठ्या मुलांनी नियम सुधारला. म्हणजे मधल्या वयातले अपयश ही प्रगतीची खूण होती. मुलाने चुकीचा पण स्वतःचा नियम मांडला, की ‘चूक’ म्हणून तो खोडण्याआधी हे आठवावे.

मग घरी नेमके काय करायचे?

लागेल एक पुठ्ठा, तीन सारख्या जाडीची पुस्तके, चालती खेळण्यातली गाडी आणि लादी. लादी दोन फुटांची असेल तर मोजपट्टीही नको, लाद्या मोजा. पुठ्ठ्याचे एक टोक पुस्तकावर ठेवा. गाडी वरच्या टोकाशी धरायची आणि नुसती सोडायची. पण त्याआधी, आणि हाच भाग सगळे गाळतात, प्रत्येकाने गाडी कुठे थांबेल तिथे खडूने आपली खूण करायची. आईबाबांनीही. खूण केली की मूल गुंतते, कारण आता त्याचे मत पणाला लागलेले असते. नुसते पाहणाऱ्याला काहीही दिसले तरी ‘मला माहीत होते’ म्हणता येते.

एका पुस्तकावर तीनदा, दोन पुस्तकांवर तीनदा, तिन्हींवर तीनदा. तीनदा का? कारण प्रत्येक वेळी गाडी त्याच जागी थांबत नाही, हे कळणेही विज्ञानच आहे. मग उंची तीच ठेवून खालची जमीन बदला. आधी जाड टॉवेल, मग सतरंजी, मग उघडी लादी. गाडी प्रत्येक वेळी जास्त लांब जाते. आता गाडीवर चिकटपट्टीने दोन-चार नाणी बसवा आणि जड गाडी कुठे थांबेल ते विचारा. घरात दोन तट पडतील. ‘जड म्हणून लांब’ आणि ‘जड म्हणून लवकर’. प्रत्यक्षात फरक दोन्ही तटांना वाटतो तितका नसतो. का, ते लगेच सांगायची गरज नाही.

इथे ‘चीटिंग’ हा शब्द उपयोगी पडतो. एका मुलाने गाडी सोडली आणि दुसऱ्याने हळूच ढकलली, तर पहिला लगेच ओरडतो. लगोरी, गोट्या, बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना रडीचा डाव झटकन ओळखता येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे सूत्र शिकवायला याहून चांगली सुरुवात नाही. ‘मी तीन पुस्तकांवरून लादीवर सोडली, तू एका पुस्तकावरून टॉवेलवर. माझी लांब गेली. मी जिंकले?’ चौथीतले मूल हसून सांगते, की ही चीटिंग आहे. बरोबर, आणि का, तेच त्याच्याकडून वदवून घ्यायचे.

पावसाळ्यात घरात अडकलेल्यांसाठी कॅरम. बोर्ड ओल्या हवेत चिकट झाला, की स्ट्रायकर मध्येच मरतो. पावडर टाकली की सोंगटी कडेला आपटून परत येते. टिचकी प्रत्येक वेळी सारखी बसत नाही, म्हणून प्लास्टिकची पट्टी ठरावीक खुणेपर्यंत मागे वाकवून सोडा आणि तिने सोंगटी उडवा. पावडरीशिवाय किती लांब, थोड्या पावडरीवर किती, जास्त पावडरीवर किती? मग विचारा : याहूनही गुळगुळीत बोर्ड मिळाला तर? त्याहून गुळगुळीत? अडवणारे काहीच नसेल आणि बोर्डाला कडाच नसतील तर?

ही उतरंड म्हणजेच गॅलिलिओचा युक्तिवाद. त्यालाही घर्षण नसलेला पृष्ठभाग मिळाला नव्हता. घर्षण कमी करत नेले की काय होते ते पाहून त्याने पुढची उडी मनाने मारली. मूल बहुधा म्हणेल, ‘मग ती थांबणारच नाही. पण असं होत नाही ना.’ दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. अशा वेळी व्हॉयेजर १ चे उदाहरण द्यावे. १९७७ मध्ये निघालेले हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे, आणि त्याला पुढे ढकलणारे इंजिन आता चालू नाही.

पडण्याचा प्रयोग याहून सोपा. वही आणि कागद एकदम सोडा, कागद तरंगत मागून येतो. ‘जड लवकर पडते’, सगळे खूश. आता तोच कागद वहीवर ठेवा, वहीच्या बाहेर न येणारा, आणि वही सोडा. दोघे बरोबर पडतात. मग कागदाचा बोळा करून सोडा. वजन तेच, तरी वेळ बदलली. यानंतर १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडले तो व्हिडीओ दाखवावा. आधी दाखवला तर ती नुसती जादू ठरते.

शाळेत हे का होत नाही?

बालभारतीच्या सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘गती व गतीचे प्रकार’ आणि ‘बल व बलाचे प्रकार’ असे पाठोपाठ धडे आहेत. कृती आहेत, चित्रे आहेत. पण नावातच ‘प्रकार’ आले, की तास तिकडे झुकतो. स्नायू बल, घर्षण बल, चुंबकीय बल, स्थितिक विद्युत बल, प्रत्येकाचे एक उदाहरण. याद्या तपासायला सोप्या, पाठ करायलाही. ‘वर जाणाऱ्या नाण्यावर कोणते बल?’ हा प्रश्न मात्र यादीत बसत नाही.

दुसरे, वर्ग. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. हे पाळले गेले तरी एका उताराभोवती ३५ डोकी मावत नाहीत. मग शिक्षक टेबलावर करून दाखवतात आणि मागच्या बाकावरच्यांना पुढच्यांची पाठ दिसते. सात-सात मुलांचे पाच गट केले तर पाच पुठ्ठे आणि पाच गाड्या लागतात. पैशाने हे काहीच नाही, पण ३५ मिनिटांच्या तासात साहित्य मांडणे, अंदाज लिहिणे, तीनदा करणे आणि बोलणे बसत नाही. जोडतास मिळाला तरच जमते. राज्यात आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापनात प्रयोगाला जागा आहे. शिक्षकांनी ती वापरून ‘आधी काय वाटले, काय दिसले, आता काय वाटते’ एवढ्या तीन ओळी प्रत्येक मुलाकडून लिहून घेतल्या, तर वेगळा अभ्यासक्रम लागणार नाही. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत. समजुती पक्क्या होतात त्या त्याआधी.

बस, स्कूटर आणि लिफ्ट

शाळेत वेळ नसला तरी रस्त्यावर असतो. टीएमटीच्या बसने ब्रेक मारला आणि मूल पुढे गेले, की विचारा : ‘तुला पुढे कोणी ढकलले?’ मागे कोणीच नव्हते. बस थांबली, बसला टेकलेले पाय थांबले, बाकीचे शरीर जात होते तसे जात राहिले. रिक्षाने मानपाड्याच्या सिग्नलला वळण घेतले की बाहेरच्या बाजूला कलंडायला होते. तिथेही कोणी ढकललेले नसते. रिक्षा वळली, आपण सरळ निघालो होतो.

हे कळणे केवळ गुणांपुरते नाही. स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या मुलाला ब्रेक लागल्यावर नेमके हेच होते. केंद्राने २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला सुरक्षापट्टा आणि मुलाला हेल्मेट लागते, शिवाय वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे नेता येत नाही. हा ४० चा आकडा किरकोळ वाटतो. पण ताशी ४० म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर, आणि एवढा वेग यायला वस्तू सहा मीटरहून थोडी जास्त, म्हणजे साधारण दोन मजले खाली पडावी लागते. दोन मजल्यांवरून मुलाला कोणी उभे सोडत नाही.

शेवटचा प्रयोग टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी, आणि तो तुमच्या हातातल्या फोनवर होतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे अ‍ॅप फुकट आहे. फोनमधला त्वरण मोजणारा सेन्सर ते आलेखात दाखवते. त्यातला गुरुत्वासह त्वरणाचा पर्याय निवडा आणि फोन लिफ्टच्या जमिनीवर सपाट ठेवा. लिफ्ट उभी असताना आकडा सुमारे ९.८ दिसतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला कागद-पेन्सिल देऊन सांगा, की तळमजल्यापासून विसाव्या मजल्यापर्यंत रेघ कशी जाईल ते आधी काढ. बहुतेक मुले वर जाणारी किंवा पूर्ण वेळ उंचावर राहणारी रेघ काढतात, कारण लिफ्ट पूर्ण वेळ वर जात असते. मग बटण दाबा. सुरू होताना रेघ क्षणभर किंचित वर उचलते, थांबताना किंचित खाली जाते. मधले सगळे मजले ती लिफ्ट उभी असताना होती तिथेच, ९.८ च्या आसपास राहते. फोन नको असेल आणि मूल पाच-सहा वर्षांचे असेल, तर काट्याचा वजनकाटा घेऊन जा, त्यावर मुलाला उभे करा आणि काटा कधी हलतो ते त्यालाच ओरडून सांगू द्या. शेजारच्यांची ये-जा कमी असते ती दुपारची वेळ यासाठी बरी.